हौसाबाईंसाठी गाडी पाहिजे

इथले असले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आले. विश्वास शून्य. तेव्हा माझं कुणाला खोटं वाटलं तर राग नाही.

मी सांगलीत राहते. घरबसल्या एका संशोधक बाईंचं काम करते — कोरोनात आपल्या भागातले लोक फेसबुकवर काय बोलत होते ते वाचायचं आणि भीती, अफवा, मदत असं वेगळं काढायचं. मध्यंतरी पलूसकडच्या एका ग्रुपच्या पोस्ट आल्या. त्यात ही होती...

"हौसाबाईंसाठी गाडी पाहिजे. पलूस, कॅनॉलकडंचं हिरव्या दाराचं घर. एकटीच हाय. दम लागलाय."

खाली कुणीतरी लिहिलेलं — पाठवतो.

हौसाबाई माझी आई. घर आमचंच.

दुसऱ्या लाटेत ती तिथे एकटी होती, मी इकडे अडकलेली. तिला दम लागला आणि एक गाडी तिला थेट सांगलीच्या दवाखान्यात घेऊन आली. म्हणून वाचली. गाडी माझ्या भावानं पाठवली असं मी धरून चालले होते. तो फौजेत, ओळखी भरपूर.

त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी न्हाई गं. मला वाटलं तूच केलंस."

आधी नवऱ्यावर संशय आला, मग शेजाऱ्यांवर. पण पोस्टची तारीख बघितली आणि पुन्हा पुन्हा तपासली. पोस्ट आई आजारी पडण्याच्या आठवडाभर आधीची होती. त्या दिवशी आई शेतात हळद शिजवत होती, व्हिडिओ कॉलवर मला ढीग दाखवत होती... अगदी ठणठणीत. त्या कॉलचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

ग्रुप चालवणाऱ्याचा पलूसमध्येच फोटो स्टुडिओ आहे. तिथे गेले. त्यानं मूळ पोस्ट काढून दाखवली. तारीख तीच. टाकणारं आणि खाली 'पाठवतो' लिहिणारं, दोन्ही खाती केव्हाच बंद. तूच काहीतरी केलं असशील, असंही मी त्याला बोलले. तो वैतागला.

तिथून आईकडे. ती पावटा सोलत होती. सगळं सांगितलं, तरी तिचे हात थांबले नाहीत. नवल वाटलं नाही तिला, तेव्हा मला तिचाच संशय आला. खोदून विचारलं.

"डायवर दारात आला," ती म्हणाली. "फोन तुमीच केला न्हवं, म्हनला. मी कुठला करतीय? पन गाडी म्हागारी जाईल म्हनून व्हय म्हनलं."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"त्यानं माजं बोलनं ऐकलं आन् म्हनला, व्हय, ह्योच आवाज." शेंगांची सुपली तिनं बाजूला सारली. "तवापास्नं मला माज्याच आवाजाचं भ्या वाटतंय."

ड्रायव्हरला खूप शोधलं. सापडला नाही. कुणाला काही सुचत असेल तर सांगा... मला तरी काही उलगडलेलं नाही.