मोजे घातलेली खुर्ची

पदनाम: निवृत्त मुख्य लिपिक. सांप्रत कार्यभार: घरच्या बाल्कनीच्या नव्याने रंगवलेल्या जमिनीचे संरक्षण.

बायकोला संध्याकाळचा चहा रस्त्याकडे बघत प्यायचा होता, म्हणून तर त्यांनी रंगाचा घाट घातला. ओरखडा पडू नये म्हणून खुर्चीच्या पायांत स्वतःचे लोकरी मोजे चढवले आणि कचेरी सुटतानाच्या सवयीने ती भिंतीकडे तोंड करून सरकवून ठेवली. वरून वाळलेला रंग आतून ओलाच होता. सकाळी मोजे जमिनीला घट्ट चिकटले होते.

“अहो, ओढा की जरा!”

“रंग निघेल.”

“मग मी बसू कुठे, तुमच्या डोक्यावर?”

“खुर्ची आहे ना!”

सदर जमीन आजतागायत सुस्थितीत आहे. बायको भिंतीकडे बघत चहा पिते.