इटीसी म्हणजे वगैरे

लवळ्याच्या डोंगरावर कॉलेज झालं, त्यात आमची वरकस जमीन गेली आणि बदल्यात मला नोकरी लागली. ऑर्डरीवर हुद्दा होता लॅब सहायक; हातात होतं फडकं. वर्षभर मी मॉनिटरवरची धूळ पुसली. मी फारच मागं लागले, तेव्हा लॅबच्या सरांनी मला काळ्या पडद्यावर कमांडी द्यायला शिकवलं. मला कोण आनंद झाला! घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग आता म्हशीलाबी कमांड दे. दोन दिस झालं, लाथा मारतीया."

एक दिवस सर घाईत म्हणाले, "मावशी, कोपऱ्यातल्या मशीनची डिस्क भरलीये. नको ते काढून टाका." पासवर्ड सांगून ते मीटिंगला गेले. मी फोल्डरांची यादी काढली. बिन, लिब, व्हार, सगळी अर्धवट तोडलेली नावं. त्यात एक ओळखीचं निघालं. ई-टी-सी. माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं, पण इटीसी म्हणजे वगैरे, हे बाईंनी छडी मारून शिकवलेलं. लग्नाच्या यादीत जे 'वगैरे' असतात त्यांना कुणी आहेर करत नाही. मी वगैरे उडवलं.

मशीन आधी काही बोललं नाही. नवी खिडकी उघडली, तर जिथं आपलं नाव यायचं तिथं इंग्रजीत आलं, 'मला नाव नाही!' उद्गारचिन्हासकट. एवढं बोंबलतंय म्हणजे कुठंतरी वर्मी लागलं असणार, हे मला कळलं.

सरांनी आल्या आल्या डोकं धरलं. "अहो मावशी, मशीनचं सगळं सेटिंग त्यात असतं! युजरांची नावंसुद्धा!"

"मग त्याला वगैरे कशापायी म्हनत्यात? ज्यानं नाव ठिवलं त्याला बोला की."

"उद्यापासून कीबोर्डला हात लावायचा नाही. सोमवारी ऑफिसला तसं लेखी देतो."

नोकरी जाणार नव्हती, पण पुन्हा जन्मभर फडकं. खोटं कशाला बोलू, बाथरूमची कडी लावून मी रडले.

डोळे पुसत बाहेर आले तर शेवटच्या वर्षाची एक मुलगी भेटली. सगळं ऐकून म्हणाली, "मावशी, मॅन हायर मारा." मला वाटलं, माणसं भाड्यानं मिळतील अशी पाटी असेल, आमच्या फाट्यावर जेसीबीची असते तशी. पण मॅन म्हणजे मॅन्युअल आणि हायर म्हणजे फोल्डरांची उतरंड. तिनं तिच्या लॅपटॉपवर एंटर मारल्यावर एकेका फोल्डरचं नाव आणि खाली तो कशासाठी, सगळं लिहिलेलं आलं. मशीनच्याच पोटात होतं की हे! मग रोज डबा खाताना आम्ही तेच वाचलं. ती अर्थ सांगायची, मी वहीत उतरवायचे.

सोमवारी प्रॅक्टिकलला मुलं बसली होती. मी सरांना म्हटलं, "लेखी द्या, पन आदी माजी परीक्षा घ्या."

सर हसले. "टीएमपी?"

"तात्पुरतं. मांडवातली खुर्ची. पावना उटला की गेली."

"व्हार?"

"रोज वाढतंय त्ये. नोंदी-बिंदी."

"ईटीसी?"

"त्ये आता मरस्तवर इसरायची न्हाई."

मुलं खिदळली. मला जोर चढला. "आता मी पुसते. यूएसआर?"

"युजर. मुलांच्या फाइली," सर बेफिकिरीनं म्हणाले.

"न्हाई सर. पोरांचं सामान होम नावाच्या फोल्डरमधी. ह्यात प्रोग्रॅम असत्यात."

सरांनी मॅन हायर मारलं. वाचलं, कान खाजवला, पुन्हा वाचलं. "हे मी कधी उघडूनच पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. साऱ्या वर्गासमोर म्हणाले, हे त्यांचं मला आवडलं. टेबलावरचा तक्रारीचा कागद घडी करून त्यांनी खिशात घातला आणि खडू माझ्यापुढं धरला. "मावशी, फळ्यावर सूचना लिहा. कुणीही काही डिलीट करण्याआधी तुम्हाला विचारायचं."

मी आमच्या लवळ्याच्या मराठीत लिहिलं, 'पुसायच्या आदी मावशीला पुसा.'