पाँडरबुवा

जगदेव विहिरीत सुरुंग लावायचा. शिरपूरपासून दोन कोसांवर आमचे गाव. आसपासच्या काळ्या खडकातल्या बहुतेक विहिरी त्यानेच खोल केलेल्या. दारू ठासून, वातींना विस्तव लावून तो वर यायचा आणि लिंबाखाली बसून आवाज मोजायचा. जितके सुरुंग तितके आवाज. एखादा कमी भरला, तर दोन एकदम उडाले की एक आत जिवंत राहिला, याचा विचार करत बसून राहायचा. त्या दिवशी मग कोणी खाली उतरायचे नाही.

१९३७ च्या उन्हाळ्यात आमची विहीर खोल करायला घेतली. यजमानांनी मला विचारले, "हा तासभर काय करून राह्यला?"

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, नवी सून. म्हटले, "पाँडर करतोय."

"म्हणजे?"

सिस्टरनी शिकवलेला अर्थ मला पाठ होता: एखादी गोष्ट मनात घेऊन, घाई न करता तिचे वजन करत राहणे. पण त्यांना हसवायला मी म्हणाले, "साहेबी थाटात नुसते बसणे."

आठ दिवसांत जगदेवचा पाँडरबुवा झाला. रिसोडच्या बाजारातही लोक त्याला तशीच हाक मारू लागले.

बावीस मेला त्याने पाच सुरुंग लावले. मी माजघरातून मोजले. चार.

ताक घेऊन गेले, तर तो लिंबाखाली बसलेला आणि यजमान समोर उभे.

"पाच भरले होते, मालक. चारच आइकू आले. उद्या उतरतो."

"दोन संगंच उडले असतील."

"असतील. नसतीलबी."

दोर ओढणारा लालसिंग म्हणाला, "पाँडरबुवाले खालीच पाट मांडून द्या. तिथं बसून इचार करन."

सगळे हसले. जगदेव हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तो शबुद तुमचा म्हन्तेत. काय अर्थ हाय त्याचा?"

यजमान माझ्याकडे पाहत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "असंच."

त्याने ताक संपवले, पेला पालथा ठेवला आणि पहार उचलली. "दोर नीट धर, लालसिंग."

मी घरात येऊन रोजनिशी उघडली. लिहिले, 'दुपारी चार आवाज. जगदेव उतरला'. पूर्णविराम द्यायच्या आधी पाचवा झाला.

ते वाक्य अजून तसेच आहे.