चौथी चिठ्ठी

गणिताच्या स्पर्धेत आई-वडिलांनी प्रेक्षकांत बसू नये, असा नियमच करायला हवा. मी दोन वर्षं बसले आणि दोन्ही वर्षं मूग गिळून बसले. ज्याला उत्तर येतं त्यानं गप्प राहायचं आणि ज्यांना बोलायची मुभा आहे ते बोलत नाहीत, हे बघायला फार मोठं काळीज लागतं. माझं तेवढं नाही.

ही शाळाशाळांमधली सांघिक स्पर्धा आमच्या रायपुरात दर हिवाळ्यात होते. एका शाळेची चार मुलं. स्पर्धेतल्या एका फेरीवर माझा फार जीव होता. त्या फेरीत एकाच गणिताच्या चार चिठ्ठ्या करतात आणि प्रत्येकाला एकेक देतात. आपापली चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि चौघांनी मिळून उत्तर काढायचं. एका चिठ्ठीतून काही कळत नाही, तीन वाचल्या तरी अर्धवटच कळतं. लोखंडी कपाट जिन्यावरून चढवायला चार माणसं लागतात, तसं हे गणित. ज्यानं कोणी ही पद्धत काढली त्याचं मला कौतुक आहे, पण त्यानं आमच्या शाळेची टीम पाहिली नसणार.

माझी मुलगी त्या टीममध्ये चौथी. नववीत असताना पहिल्यांदा गेली, तेव्हा स्टेजवर बसून आली. बसून आली म्हणजे खरंच नुसती बसून आली. टीममधला जो टॉपर मुलगा आहे, त्यानं सगळ्यांच्या चिठ्ठ्या आपल्याकडे ओढल्या, एकट्यानं सोडवलं, एकट्यानं सांगितलं. बाकी तिघं समोर बघत होते. पण यंदा दहावीत पुन्हा नाव लागलं, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तिनं तोंड उघडलं.

"आई, मैं वहाँ मूर्ति बनके नहीं बैठूँगी. इस बार भी वैसा ही हुआ न, तो ग्यारहवीं में कॉमर्स ले लूँगी. मैथ्स को हाथ नहीं लगाऊँगी."

मी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या निम्म्या मराठी घरांत हेच चालतं. मराठी तिला सगळं कळतं, रागावलेलं तर जरा जास्तच.

"काहून वो? त्या पोट्ट्यापायी तू गणित सोडशीन?" मी म्हटलं.

"उसके लिए नहीं. मुझे लगता है मुझे आता ही नहीं."

तिचे बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घेऊ दे न कॉमर्स. तुले काय त्रास होऊन राहिला?"

मला त्रास होत होता. कॉमर्स वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, माझा सख्खा भाऊ त्यावरच पोट भरतो. पण ही पोरगी दुसरीत असताना स्कूटरवर माझ्या मागे बसून पुढच्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज करायची आणि नऊनं भाग गेला की माझ्या पाठीवर थाप मारायची. तिला गणित येत नाही, हे तिला कोणी शिकवलं? घरात तर कोणी शिकवलं नव्हतं.

मी शाळेत जाऊन गणिताच्या सरांना भेटले. म्हटलं, सर, चिठ्ठ्यांच्या फेरीचा सराव चौघांकडून एकत्र करून घ्या. सर हसले. "मैडम, हमारे पास घोड़ा एक ही है. बाकी तीन तो नियम के लिए हैं." हे ते माझ्या मुलीसमोर म्हणाले. ती बाजूला उभी राहून बुटाकडे बघत होती. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या स्टाफरूमबाहेर समजलं.

मग मीच रविवारी चौघांना घरी बोलवायला लागले. रेल्वेच्या ऑफिसात आठवडाभर फायलींशी डोकं लावायचं आणि रविवारी पोह्यांची कढई चढवून मुलांपुढे चिठ्ठ्या मांडायच्या. चिठ्ठ्या मी स्वतः तयार करायचे, शाळेत शिकलेलं सगळं आठवून आठवून.

एक गणित मला अजून आठवतं, कारण त्या दिवशी मी लाटणं आपटलं होतं. पहिली चिठ्ठी, संख्या दोन अंकी आहे. दुसरी, तिला नऊनं भाग जातो. तिसरी, तिला चारनं भाग जातो. चौथी, ती कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग नाही. ही चौथी माझ्या मुलीकडे होती. टॉपरनं पहिल्या तीन वाचल्या आणि तिच्याकडे हात केला. तिनं वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात यानं मान तिरकी करून चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, "नहीं वाली है? नहीं वाली से क्या मिलेगा." आणि लगेच उत्तर दिलं, छत्तीस.

"बहात्तर," मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"आंटी, छत्तीस में भी तो चार और नौ दोनों जाते हैं."

"अन् छत्तीस कोणाचा वर्ग आहे? तिची चिठ्ठी वाच आधी!"

त्यानं वाचली. हुशार आहे, क्षणात समजला. "अरे हाँ. सॉरी आंटी." सॉरी मला म्हणाला. जिची चिठ्ठी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. बाकीची दोघं तोवर पोह्यांसोबतच्या जिलबीवर तुटून पडली होती. त्यांना याचं सुख-दुःख काहीच नव्हतं, ती दोन वर्षांपासून सुखानं नियमापुरती होती.

पुढच्या आठवड्यात टॉपरच्या आईचा फोन आला. त्यांचं पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, बोलणं मोठं गोड. "भाभी, आपके यहाँ बच्चे का टाइम वेस्ट हो रहा है. बोर्ड का साल है न." मी म्हटलं, दीदी, स्पर्धा चौघांची आहे. त्या म्हणाल्या, "हाँ हाँ, चारों जाएँगे न." गाढवापुढे वाचली गीता. त्यानंतर रविवारचे पोहे घरच्या तिघांपुरतेच होऊ लागले.

स्पर्धेच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. स्टेजच्या मागे मोठा पडदा होता. चिठ्ठ्यांच्या फेरीत चारही चिठ्ठ्या त्या पडद्यावर प्रेक्षकांना दिसायच्या, मुलांची मात्र पडद्याकडे पाठ असायची. ही कल्पना ज्याची होती, त्यानं पालकांचा छळ करायचं ठरवूनच ती काढली असावी.

सुरुवातीलाच परीक्षक मॅडमनी एक नवा नियम सांगितला. शेवटच्या प्रश्नाला नुसतं उत्तर चालणार नाही. संघातल्या एकाच्या नावाची सोडत निघेल, आणि ज्याचं नाव निघेल त्यानं फळ्याशी येऊन उत्तर समजावून सांगायचं. जमलं तरच गुण. मला वाटलं, देव पावला. आता तरी या पोरांना एकमेकांशी बोलावं लागेल! मी मुलीकडे पाहिलं. ती सरळ बसली होती.

आमचा संघ दुसऱ्या नंबरावर होता आणि पहिले दोन संघ पुढे जाणार होते. शेवटचा प्रश्न आला. पडद्यावर चार चिठ्ठ्या उमटल्या. मैदानात शंभरापेक्षा कमी मुलं आहेत. तिनातिनाच्या रांगा केल्या तर दोघं उरतात. चौघाचौघांच्या केल्या तर तिघं उरतात. पाचापाचांच्या केल्या तर चौघं उरतात.

सुंदर गणित. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पाचवाली चिठ्ठी माझ्या मुलीला मिळाली होती. तिनं ती मोठ्यानं वाचली, ओठ हललेले मला दिसले. टॉपरनं ती तिच्यासमोरून उचलली, बाकी दोघांच्याही त्यांनी वाचायच्या आत उचलल्या, चारही आपल्यापुढे ठेवल्या आणि कागदावर आकडे लिहायला लागला. मुलीनं त्याच्या कोपराला हात लावून काहीतरी विचारलं. त्यानं मान न उचलता डावा हात हलवला, थांब म्हणून. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तोच हात. मी खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की शेजारच्या बाईंनी मला पाणी हवं का विचारलं.

घंटा वाजायच्या आत त्यानं उत्तर लिहून दिलं. एकोणसाठ. बरोबर होतं. सर पहिल्या रांगेत उठून टाळ्या वाजवायला लागले. मग पडदा बंद केला आणि मॅडमनी सोडत काढली. माझ्या मुलीचं नाव निघालं.

ती फळ्याशी गेली. खडू हातात घेतला. माइकमधून तिचा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच स्पष्ट आला.

"मेरी चिट्ठी में था कि पाँच-पाँच की लाइन में चार बच्चे बचते हैं. उनसठ में बचते हैं, तो मेरी चिट्ठी सही बैठती है." तिनं खडू खाली ठेवला. "बाकी तीन में क्या था, मुझे नहीं पता."

"नहीं पता मतलब?" मॅडमनी विचारलं. "पढ़ी नहीं?"

"मुझे किसी ने सुनाई नहीं. मैंने दो बार पूछा."

"फिर जवाब किसने निकाला?"

"उसने."

"और आपने?"

"मैंने चिट्ठी दी."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माइकवर सांगितलं, उत्तर बरोबर, स्पष्टीकरण नाही, गुण नाहीत. आम्ही तिसरे झालो. मग पडदा पुन्हा सुरू करून त्यांनी ते गणित सगळ्यांना समजावून सांगितलं. माझी मुलगी स्टेजच्या पायरीवर उभी राहून मान वर करून ते वाचत होती. बाकी आमच्या संघातलं कोणीच बघत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात सर तिच्यावर तुटून पडले. "कुछ भी बोल देती! बोल देती कि सबने मिलके किया. इतना भी नहीं सूझा?"

"सर, खोटं बोलायला पाहिजे होतं का तिनं?" मी मध्ये पडले. हिंदीत बोलायचं भानच राहिलं नाही.

त्यांना मराठी येत नाही, पण सूर समजला. "मैडम, आपकी बेटी ने पूरी टीम को डुबो दिया."

"टीम होती कुठं डुबायले!" मी म्हटलं, आणि मग तेच हिंदीतही म्हटलं. पंडरीच्या दीदी बाजूला उभ्या राहून सुस्कारे टाकत होत्या. मला त्यांनाही चार शब्द सुनावायचे होते, त्यांच्या मुलाला तर आठ. तेवढ्यात तो मुलगाच माझ्यासमोर आला. डोळे लाल झाले होते.

"आंटी, आन्सर तो सही था न?"

तो खरंच विचारत होता. त्याला कळतच नव्हतं की काय चुकलं. उत्तर बरोबर आलं की सगळं बरोबर, हेच त्याला बालवाडीपासून सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं, आणि तो ते मन लावून शिकला होता. "बरोबर होतं, बेटा," मी म्हटलं. घशापर्यंत आलेले आठही शब्द तसेच गिळले, आणि त्याचाही मला राग आला.

पार्किंगमधून स्कूटर काढली. मुलगी मागे बसली. कॉमर्सचं काय ते आता ऐकावं लागणार, म्हणून मी आपली गर्दीकडे बघत गाडी चालवत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं स्वतःच सुरुवात केली.

"आई, सवाल बहुत अच्छा था. एक बच्चा और आ जाए न, तो तीन की, चार की, पाँच की, सब लाइनें पूरी हो जाती हैं. साठ. फिर उस एक को हटा दो. वो तो एक-एक नंबर जाँच रहा था. मुझे चिट्ठियाँ दिखतीं, तो मैं उससे पहले कर लेती."

मी वळून पाहिलं. तिचा चेहरा रडवेला नव्हता.

"मंग? गणित घेतं का?" मी भीत भीत विचारलं.

"हव. मैथ्स ही लूँगी."

माझ्या जिवात जीव आला. त्या आनंदात मी लगेच पुढचं बोलून गेले, "अन् पुढच्या वर्षी टीममधी चांगली पोट्टी घेऊ, मी बोलतो सरासोबत."

"टीम नहीं चाहिए, आई. अकेली करूँगी. अब मैं अपनी चिट्ठी किसी को पढ़के नहीं सुनाऊँगी."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढे घेतली. मला हवं होतं ते झालं होतं, पोरीनं गणित सोडलं नव्हतं. पण इतके दिवस कढई चढवून, चिठ्ठ्या लिहून, सरांशी भांडून मी तिला जे शिकवायला निघाले होते, त्याच्या बरोब्बर उलटं ती त्या स्टेजवर शिकून आली होती, आणि तिचं चुकलं असं मला म्हणताही येईना.