चाचीच्या गालातला डाग

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत कुणाला कॅन्सर कशाने झाला, हे आमच्या शेजारच्या चाचीला माहीत नाही असं एकही घर नाही. आणि तिने सांगितलेलं एकही कारण बरोबर नाही. चाची बांगड्या विकते. काखेत पेटी आणि एसटीच्या कंडक्टरशी अखंड भांडण, असा तिचा फेरा आंबवड्यापासून हिर्डोशीपर्यंत चालतो. बायकांचे हात हातात धरून बसायचा धंदा, त्यामुळे गावोगावची दुखणी तिच्याकडे आपोआप जमा होतात, आणि दुखणं आलं की चाची त्याला कारण चिकटवून मोकळी होते. कामथडीच्या एका मास्तरांचा गळा मोबाईलच्या टॉवरने धरला. आंबवड्याच्या एका म्हातारीच्या पोटात गाठ झाली ती मिक्सरमधलं वाटण खाऊन. कारण मिक्सरच्या आवाजाने मसाला घाबरतो आणि घाबरलेला मसाला पोटात जाऊन बसतो. "पाट्यावरच्या वाटणानं कुणाला कॅन्सर झाल्याला म्या न्हाई बघितला," असं ती ठणकावून सांगते. पाट्यावर वाटणाऱ्या पिढीत दुखण्याला नाव मिळायच्या आत माणूस जायचा, हे तिला सांगून उपयोग नाही. मी सांगून पाहिलं आहे.

हे सगळं ती सांगत असते तेव्हा तिच्या हातात मशेरीची डबी असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावत बसायची. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि मधे कुणाचा राग आला तर पुन्हा एकदा. चाचीला राग बऱ्याचदा येतो. तिच्या डाव्या गालात आतून एक पांढरा डाग आहे, घासून न जाणारा. ती मोठ्याने हसली की दिसतो. तो तपासून घ्यायला हवा, आज, आत्ता, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की ती मला पाहून हसेनाशी झाली.

मी एका संस्थेतर्फे तंबाखूविरोधी प्रचार करते, आणि भोरला आमची तोंडाची तपासणी असते. आमचं पत्रक शहरात छापलं जातं आणि त्यावर सिगारेट ओढणाऱ्या, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाचं चित्र आहे. हे पत्रक घेऊन मी बायकांना विचारायचं, "तंबाखू खाता का?" बायका म्हणतात, "न्हाई बाई, असली घाण आमी न्हाई खात." आणि सांगताना त्यांचं बोट काळं असतं. त्या खोटं बोलत नाहीत. तंबाखू गडी खातात. मशेरी दात घासायला असते, असा त्यांचा पक्का हिशेब. कागदावर त्या सगळ्या निर्व्यसनी ठरतात. ज्याने हे पत्रक काढलं त्याने हिर्डोशीच्या बाईचं तोंड कधी पाहिलंय का, असं मी आमच्या बैठकीत विचारलं. तेवढ्यात चहा आला.

चाचीला शास्त्र कळत नाही असं मात्र नाही. एकदा तिच्या ओट्यावर बसून मी सांगितलं, की आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं, जुनी पेशी झिजते, नवी तिची नक्कल म्हणून तयार होते. तंबाखूतलं विष रोज त्याच जागी लागलं की नकलेत चुका होतात, वर्षानुवर्षं चुका साठतात, आणि एखादी पेशी वाढायचं थांबायलाच विसरते.

"म्हंजे भाताच्या वावरात भेसळीचं रोप," चाची म्हणाली. "येळंला उपटलं न्हाई तर समदं बी बिघाडतं."

"बरोबर! अगदी बरोबर!"

"मग उपटायचं की. त्याला येवढी पत्रकं कशाला?"

"मग चल, तुझा डाग दाखवू."

"माझा डाग चुन्याचा हाय."

"तू पान कधी खाल्लंस?"

"माझ्या लग्नात."

खरी भीती वेगळी होती. डॉक्टर तपासणीला तुकडा काढतात, आणि कात्री लागली की कॅन्सर अंगभर पसरतो, यावर तिचा ठाम विश्वास. तिच्या ओळखीच्या एकाचा तुकडा काढला आणि तो महिन्याभरात गेला. तो घशाखाली पाणी उतरेनासं झाल्यावर दवाखान्यात गेला होता, हे ती सांगताना गाळते.

दुसऱ्यांच्या तोंडांबाबत मात्र चाची माझ्यापेक्षा कडक. बांगडी बोटांच्या सांध्यावरून सरकताना बाई "आई गं" म्हणून तोंड उघडते. चाचीने त्या क्षणाचा उपयोग सुरू केला. गिऱ्हाइकाला उन्हाकडे तोंड करून बसवायचं, एक माप लहान बांगडी घ्यायची, दाबायची आणि गालात डोकावायचं. "पांढरं हाय. भोरला जा," असा निकाल देऊन मग बरोबर मापाच्या बांगड्या भरायच्या. आमच्या तपासणीला आलेल्या निम्म्या बायका बोटांचे सांधे चोळत आल्या होत्या.

हिर्डोशीला गाडी अडली. त्या दिवशी मीही तिच्याबरोबर होते. एका तरण्या सुनेच्या गालात न भरणारी जखम होती. चाची म्हणाली, "बाई, ह्ये दाखवून यायचं."

"आन् तुमचं?"

"माझं काय?"

"हसताना दिसतंय की. समद्यांची तोंडं बघता, तुमचं कोण बगनार? आदी तुमी उगडा, मग म्या जाते."

ओटा बायकांनी भरलेला. बांगडी सांध्यावर अर्धी अडकलेली, त्यामुळे चाचीला तिचा हात सोडून उठताही येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मग चाचीने तोंड उघडलं. "आगं बया," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या पुढे वाकल्या. चाचीने तोंड मिटलं, बांगडी आत सारली आणि म्हणाली, "दोगी जाऊ. कात्री आदी मला लावा म्हनावं. पसरला तर तू पळून ये."

हिर्डोशीच्या सुनेची जखम तुटक्या दातामुळे होती. दात काढला, जखम भरली. चाचीच्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही, पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. मशेरी बंद, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. "टावरनं झालं का?" चाचीने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तंबाखूनं."

"म्या तंबाखू खात न्हाई," असं म्हणत चाचीने काळं बोट पदराखाली नेलं.

मशेरी तिने सोडली. आता ती दोन्ही तालुक्यांतली सगळी दुखणी मशेरीवर ढकलते. परवा एकाचा पाय मोडला तोही मशेरीनेच. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

सकाळी मात्र ती अजून ओट्यावर येऊन बसते. मशेरी लावणारी बाई तेवढा वेळ बोलू शकत नाही, म्हणून तिला कुणी काम सांगत नाही. दिवसातला तेवढाच वेळ तिचा असतो. आमच्या पत्रकात आता मशेरी सोडा असं आहे. तो वेळ मग कुठून आणायचा, ते नाही. चाची रिकामं बोट ओट्याच्या दगडावर फिरवत रस्त्याकडे बघते. आतून तिची सून हाक मारते. चाची तोंड भरलेलं असावं तसे ओठ घट्ट मिटते, आणि ओ देत नाही.