पंडितीणबाईंचे स्पष्ट मत

तीन नोव्हेंबर. इस्पितळाच्या धुलाईघरात त्या दिवशी नऊ जीव होते: घड्या घालणाऱ्या आठ बायका आणि वाचणारी एक.

हे प्रमाण कोणा साहेबाने ठरवलेले नव्हते. वाळवण्याच्या यंत्रांतून बाहेर आलेल्या चादरीची घडी दोघींनी समोरासमोर उभे राहून घालायची असते. टोके धरून मागे सरायचे, ताण द्यायचा, झटकायचे आणि मग एकमेकींच्या दिशेने चालत येऊन टोकाला टोक भिडवायचे. नऊ बायका म्हटल्यावर एक उरणारच. जी उरली तिने स्टुलावर बसून वाचून दाखवावे आणि तिच्या वाटणीच्या घड्या बाकीच्यांनी वाटून घ्याव्यात, असा त्यांचा आपसातला रिवाज होता. मुकादमीण तिकडे काणाडोळा करी. वाचन चालू असले की बायका भांडत नाहीत, एवढे तिला पुरे होते.

ही वाचणारी बाई अंगाने किरकोळ आणि आवाजाने खणखणीत होती. कॉलेज अर्धे टाकून लग्न केलेली. तिला सगळ्या पंडितीण म्हणत. त्या नावात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिने कधी उकलून पाहिले नाही.

पुस्तके येत ती चादरींतूनच. रोगी बरा होऊन घरी जाई, उशीखालचे पुस्तक तिथेच राही आणि मळक्या कपड्यांच्या गाठोड्यातून खाली धुलाईघरात उतरे. विचारायला कोणी परत येत नसे. बहुतेक सगळ्या हल्लीच्या प्रेमकथा असत, आणि त्याचे नवल वाटायचे कारण नाही. इस्पितळाच्या खाटेवर पडलेल्या माणसाला शेवटी कोणी मरणार नाही, याची आधीच खात्री असलेली गोष्ट लागते.

पंडितीण त्या कथा वाचून दाखवी आणि मधेच बोट पानात ठेवून आपले मत देई. खरे सांगायचे तर बायका कथेपेक्षा मताचीच वाट पाहत.

“मला या लेखिकांचं एक कळत नाही,” ती म्हणे. “दर चार पानांनी चादरी चुरगळतात. धुतं कोण?”

“आपण!” सगळ्या एका सुरात ओरडत.

“आणि हा नायक. कंपनीचा मालक म्हणे. सकाळी हिच्या दारात, दुपारी हिच्या दारात, संध्याकाळी फुलं घेऊन पुन्हा हिच्याच दारात. कंपनी कोण चालवतं?”

“त्याची आई चालवत असेल,” दाराजवळची, जिला सगळ्या फटाकडी म्हणत, ती बोले.

“आई नसतेच गं यांना. असली तर परगावी. बिनसासूचं प्रेम! म्हणूनच तर पुस्तकं खपतात.”

“आणि तो गैरसमज?” दुसरी कोणी विचारी.

“तो तर एका फोनानं मिटला असता. पण फोन केला तर पुढची दोनशे पानं छापायची कशी?”

ही मते केवळ हशा पिकवण्यासाठी नव्हती. प्रेमकथा खोट्या असतात, अशी तिची तक्रार नव्हती. खोटेपणाची तिला सवय होती. तिचा राग निराळा होता. या कथांतली माणसे प्रेम करायला मोकळी असतात, कारण त्यांचे जेवण, कपडे, आजारपण आणि पोरेबाळे दुसरे कोणीतरी सांभाळत असते, आणि त्या दुसऱ्या कोणाचे नाव पुस्तकात येत नाही. असे ती अधूनमधून, जरा शिकवल्याच्या सुरात, बोलूनही दाखवी. हे मत तिने अनुभवावर घासून पाहिले होते आणि ते बरोबरच होते. आपल्या स्वतःच्या घरात ते दुसरे कोणीतरी कोण आहे, याचा विचार तिने त्यापुढे नेला नाही, इतकेच.

त्या होत्या तिच्या नणंदबाई, तिच्या वन्सं. नवऱ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, बिनलग्नाच्या, आईबापांच्या दुखण्यात उमेदीचा काळ सरलेल्या. त्याही याच धुलाईघरात घड्या घालत. किंबहुना पंडितिणीला इथे चिकटवले त्यांनीच. घर दोन खोल्यांचे. सकाळी सगळ्यांच्या आधी उठणार वन्सं, डबे भरणार वन्सं, पोरीची वेणी घालणार वन्सं. पोरगीसुद्धा अंगात ताप असला की आईला नव्हे, आत्याला हाक मारी. घरात याविषयी कधी चर्चा झाली नव्हती. गैरसोय झाली तरच माणसे चर्चा करतात.

त्या वर्षी बॉयलरवरचा माणूस धुलाईघराच्या दारात वरचेवर दिसू लागला. पन्नाशी उलटलेला, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, कानशिलावरचे केस पांढरे. वाफेची नळी तपासायला येतो म्हणे. त्या नळीला इतकी तपासणी कधीच लागली नव्हती.

“नळी बरी आहे ना हो?” फटाकडी विचारी.

“बरी आहे, पण लक्ष ठेवावं लागतं,” तो गंभीरपणे म्हणे, आणि मेजाच्या टोकाला उभ्या असलेल्या वन्संच्या गालावर हसू उमटून मावळे.

ऑक्टोबरात एका गाठोड्यातून एक निराळे पुस्तक निघाले. त्यात कंपनीचा मालक नव्हता. बस आगाराच्या खिडकीत तिकिटे देणारी पोक्त बाई आणि चष्म्याच्या दुकानातला विधुर कारागीर, यांची ती कथा होती. बाई भावाच्या घरी राहणारी. कारागीर तिला मागणी घालतो तीही अशी की, आपल्या खोलीत जेवणाचे मेज खिडकीपाशी ठेवू की भिंतीपाशी, एवढेच विचारतो. ती म्हणते, विचार करून सांगते.

पंडितिणीने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी तिच्या ध्यानात आले, की इथे चिमटा काढायला जागा नाही. बाई काम करत होती. कारागिराचे हात काचेच्या भुकटीने खरबरीत झाले होते. भावाच्या घरातली भांडी कोण घासते, तेही लेखिकेने लिहिले होते. बायका गप्प बसून ऐकत. वन्संची जोडीदारीण एकदा कुरकुरली, “अहो, टोक सोडा की, किती वेळ धरून बसलात!”

दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, भिंतीआड डबा धूत असताना पंडितिणीच्या कानावर बोलणे पडले.

“मग काय ठरवलंत?” आवाज बॉयलरवाल्याचा.

“इतकी घाई कसली? पुस्तक संपू दे,” वन्सं म्हणाल्या. “ती बाई काय करते ते बघते, मग सांगते.”

“म्हणजे माझं नशीब पुस्तकात?”

“तुमचं नाही, माझं,” वन्सं म्हणाल्या आणि दोघेही हसले.

पंडितीण धुतलेलाच डबा पुन्हा धूत राहिली. थट्टा आहे, असे तिने स्वतःला समजावले. त्या रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि पाटावर बसून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणाऱ्या वन्संकडे पाहत राहिली. या लग्न करून गेल्या की पहाटे कोण उठणार, डबे कोण भरणार, पोरीजवळ कोण बसणार, हे प्रश्न तिच्या मनात ओळीने उभे राहिले. वन्संना काय हवे, हा प्रश्न त्या ओळीत नव्हता.

तीन नोव्हेंबरला कथा अशा जागी आली, की तिकिटवाली बाई संध्याकाळी कारागिराच्या दारापाशी पोचते आणि घंटीकडे हात नेते. पंडितीण थांबली. पानात बोट ठेवले नाही. पुस्तक मिटले.



“मग?” वन्संनी विचारले. चादर त्यांच्या आणि जोडीदारणीच्या मध्ये ताणलेली होती.

“मग काय व्हायचं? आली परत.”

“परत?”

“घंटी वाजवायच्या आधीच भावाची पोरं आठवली. म्हणाली, या वयात हा काय पोरखेळ! गेली घरी आणि केला स्वयंपाक. संपलं पुस्तक.”

“एवढंच?” फटाकडी हिरमुसली.

“बरंच झालं की! माझं स्पष्ट मत विचाराल, तर पहिल्यांदाच एका लेखिकेला अक्कल आली. अगं, पन्नाशीला माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांत बघतो म्हणजे काय बघतो? मोतीबिंदू!”

हशा उसळला. एवढा हशा त्या वर्षी एकाही मताला मिळाला नव्हता. वन्संही हसल्या, पण सगळ्यांच्या मागून, आणि चालत पुढे येऊन त्यांनी टोकाला टोक भिडवले. ती घडी वाकडी पडली. त्यांनी ती उलगडून पुन्हा घातली.

पुढची पाने पंडितिणीने तेव्हा वाचलीच नव्हती. ज्या पुस्तकाचा शेवट तिला ठाऊक नव्हता त्याचा शेवट तिने सांगितला होता आणि त्यावर मतही दिले होते. ते पुस्तक तिने पदराआड लपवून घरी नेले. दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून ट्रंकेच्या तळाशी, हिवाळ्याच्या रजयांखाली ठेवले. रविवारी घरात कोणी नसताना ते काढून तिने उरलेला भाग वाचला. बाई घंटी वाजवते. दार उघडते. मेज खिडकीपाशी ठेवले जाते. भावाच्या घरची मंडळी आधी रुसतात, मग स्वतःचे डबे स्वतः भरायला शिकतात, आणि ते शिकणे लेखिकेने इतक्या मायेने लिहिले होते की पंडितिणीला पुढचे अक्षर दिसेना. पुस्तक तिने पुन्हा तळाशी ठेवले.

बॉयलरवाला त्यानंतर एकदाच दारात आला. वन्सं बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या. वसंत ऋतूपर्यंत तो दुसऱ्या गावच्या कापडगिरणीत कामाला लागल्याचे कळले. नळीकडे नंतर कोणी फिरकले नाही, आणि ती व्यवस्थित चालली.

पंडितिणीने वाचणे सोडले. घसा बसतो, असे कारण सांगितले. मग एक पोक्त बाई निवृत्त झाली, आठच उरल्या, आणि तिला घडीवर उभे राहावे लागले. मुकादमिणीने जोडी लावली ती वन्संबरोबर. रोज ती चादरीचे टोक धरून मागे सरे आणि मग वन्संच्या दिशेने चालत येई. दर वेळी, टोके भिडताना, तिची नजर खाली असे.

“पंडितीणबाई, एखादं मत तरी द्या हो,” फटाकडी एके दिवशी म्हणाली. “फुकटचंच तर असतं!”

“घसा बसलाय तिचा,” कोणी तरी म्हणाले.

“घसा नाही बसलेला,” वन्सं म्हणाल्या. एवढेच बोलल्या. सुट्टी झाली आणि बाकीच्या बाहेर पडल्या, तेव्हा मेजावर एक चादर राहिली होती. दोघींनी ती उचलली.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या, “त्या दिवशी तू पुस्तक मिटलंस ना, तेव्हा मी समोरच होते. अजून बोटभर जाड पानं राहिली होती.”

पंडितिणीच्या हातातले टोक सुटून मेजावर पडले.

“बाईला घरी परत यायला एवढी पानं लागत नाहीत गं.”

“वन्सं, म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग त्यांना ‘नाही’ का म्हणालात?”

“पुस्तकाकडे बघून ‘नाही’ म्हणाले का मी? तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाले.” वन्संचा आवाज चढला नाही, त्याने पंडितिणीला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले. “मी घरात हवी होते तुला. तसं सरळ बोलली असतीस, ‘वन्सं, जाऊ नका, माझ्यानं एकटीनं निभणार नाही,’ तर कदाचित आपखुशीनं राहिले असते. कदाचित भांडून गेले असते. काही का होईना, बोललो तर असतो. सगळ्या बायांना माझ्यावर हसवलंस कशाला?”

“त्यांना ठाऊक नव्हतं, तुम्ही पुस्तकावरून ठरवणार होतात ते...”

“तुला होतं.”

आजवर शेकडो पानांवर पंडितिणीने बेधडक बोलून घेतले होते. लेखिकांचे खोटे ती क्षणात पकडी, आणि तिचे प्रत्येक मत खरोखरच स्पष्ट होते. एकच मत तेवढे तिने स्वार्थासाठी दिले, आणि नेमके तेच एका माणसाच्या आयुष्यात उतरले. प्रामाणिक माणूस म्हणून मिळवलेली पत तिने एका दुपारी, एका खोट्यासाठी वापरली होती. आणि समोरच्या बाईने ते खोटे ओळखून, सगळ्यांच्या देखत न उघडता, स्वतःवर घेतले होते.

“उचल,” वन्सं म्हणाल्या. “जमिनीला लागली तर पुन्हा धुवावी लागेल.”

तिने टोक उचलले. दोघी मागे सरल्या, ताण दिला, झटकले, आणि चालत एकमेकींजवळ आल्या.

आता पंडितीण पहाटे वन्संच्या आधी उठते. डबे तीच भरते. पोरगी मोठी झाली, वेणी आपली आपण घालते. शेजारीपाजारी म्हणतात, भावजय असावी तर अशी. ते ऐकले की ती काही निमित्त काढून आत जाते. वन्सं संध्याकाळी खिडकीपाशी बसतात. दोन खोल्यांच्या त्या घरात मेज मात्र भिंतीपाशीच आहे.

एकदा तिने ट्रंक उघडली. पुस्तक काढून ती वन्संजवळ जाऊन बसली, जिथे मिटले होते ते पान तिने शोधले. घंटीकडे नेलेल्या हाताचे वाक्य समोर होते. वन्संनी पुस्तक ओळखले आणि हातातले काम खाली ठेवून त्या ऐकायला वळल्या. पंडितिणीने तोंड उघडले. मग गॅसवर दूध ठेवले आहे म्हणून उठली. दूध ठेवलेले नव्हते.

वन्संची क्षमा तिने अजून मागितलेली नाही. बोटभर जाडीची ती पाने वाचून दाखवायची राहिली आहेत.