जळक्या क्लचचा वास

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. परवा चांदणी चौकाच्या चढावर पुढच्या गाडीच्या क्लचचा जळका वास आला आणि मी वीस वर्षं मागे गेलो.

तेव्हा मी एका नावाजलेल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्या तपासून घ्यायचो. नव्या मॉडेलच्या क्लचप्लेटा दोन-दोन महिन्यांत जळत होत्या आणि आम्हाला तोंडी सूचना होती, की चूक चालवणाऱ्याची आहे असं सांगायचं. त्या दिवशी येरवड्याचे कांबळे सर तिसऱ्यांदा आले होते. शाळामास्तर, पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकलेले, घराण्यातली पहिली गाडी.

"सर, तुमचा पाय क्लचवरच असतो," मी म्हणालो आणि जॉबकार्डवर तसं लिहिलंही.

"तरी मी म्हणत होते, तुम्हाला आपली सायकलच बरी," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

सर आपल्या डाव्या पायातल्या चपलेकडे बघत राहिले. मग मलाच म्हणाले, "माफ करा हो. चांगली गाडी खराब केली मी."

पुढे क्लचमधला दोष उघड झाला आणि त्या कंपनीचं नाव काढलं तरी लोक हसू लागले. सरांनी मात्र गाडी केव्हाच विकली होती. "आता स्टिअरिंगला हात लावत नाहीत," असं त्यांच्या पत्नींनी मला लक्ष्मी रोडवर सांगितलं. "सरांना नमस्कार सांगा," एवढं म्हणून मी पुढे निघालो.

सर, तुमचा पाय बरोबर होता. एवढं एक वाक्य मी त्यांचं अजून देणं लागतो.